‘यू-हू, मिसेस ब्लूम!’ : गर्ट्रूड बर्ग यांची नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील कारकीर्द

शब्दसखी (धागालेखिका)

अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या आरंभकाळाविषयी बोलणे निघाले की ल्युसिल बॉल यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. त्यांची गाजलेली मालिका ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली. त्याच्या पावणेतीन वर्षे आधी, जानेवारी १९४९ मध्ये, सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर ‘द गोल्डबर्ग्ज’ ही मालिका सुरू झालेली होती आणि त्याच्याही जवळजवळ वीस वर्षे आधी ती नभोवाणीवर अवतरली होती, हे मात्र आज फार थोड्यांना ठाऊक असते. या मालिकेतील मॉली गोल्डबर्ग ही गृहिणी साकारणाऱ्या, मालिकेच्या संहिता स्वतः लिहिणाऱ्या आणि निर्मितीची सूत्रेही स्वतःच्या हाती ठेवणाऱ्या गर्ट्रूड बर्ग यांच्याविषयी गेले काही महिने मी मिळेल ते वाचते आणि पाहते आहे. बर्गबाईंना केवळ अभिनेत्री म्हणून पाहिले तर त्यांची कारकीर्द नीट कळत नाही, असे माझे मत झाले आहे. लेखणी त्यांच्याच हातात होती म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि एका प्रसंगी मात्र ती लेखणी पुरी पडली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस न्यूयॉर्कमध्ये, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव टिली एडेलस्टाइन. वडिलांनी कॅट्स्किल डोंगरातील फ्लाइशमन्स या गावी उन्हाळी पाहुण्यांसाठी एक निवासगृह चालवायला घेतले होते. पावसाची झड लागली की शहरातून आलेले पाहुणे कंटाळत आणि त्यांच्या मुलांना आवरणे कठीण होई. अशा दिवशी टिली छोटी नाटुकली रचून त्यांना रमवत असे. पाहुणे लवकर गाशा गुंडाळू नयेत, ही त्यामागची व्यावहारिक गरज होती. घरात मात्र दुःख मुक्कामाला होते. भाऊ घटसर्पाने लहानपणीच गेला, आणि आई त्या धक्क्यातून कधीच पुरती सावरली नाही. पुढे चौथाई शतक साऱ्या देशाला एका हसत्याखेळत्या कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरी तसे कुटुंब फार काळ नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

लुइस बर्ग या अभियंत्याशी १९१८ साली त्यांचे लग्न झाले. साखर उद्योगातील त्यांच्या नोकरीमुळे दोघे लुईझियानात राहायला गेले. पुढे तो कारखाना आगीत जळाला आणि बिऱ्हाड न्यूयॉर्कला परतले. घराला हातभार लागावा म्हणून गर्ट्रूड यांनी नभोवाणीचे दार ठोठावले. दुकानातील दोन विक्रेत्या मुलींवर त्यांनी बेतलेली ‘एफी अँड लॉरा’ ही मालिका पहिल्याच भागानंतर बंद करण्यात आली. त्यानंतर एका ज्यू कुटुंबाच्या दैनंदिन जीवनावरील संहिता घेऊन त्या एनबीसी या प्रसारण कंपनीत गेल्या. ती संहिता हाताने लिहिलेली होती आणि अक्षर असे होते की अधिकाऱ्याला ते लागेना, म्हणून त्याने ती त्यांनाच वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी सर्व पात्रांच्या आवाजांत ती वाचली, आणि लेखिका म्हणून आत गेलेल्या बाई मुख्य भूमिका पदरात घेऊन बाहेर आल्या. ठरलेला मोबदला आठवड्याला ७५ डॉलर होता.

२० नोव्हेंबर १९२९ रोजी ‘द राइज ऑफ द गोल्डबर्ग्ज’ प्रथम प्रसारित झाली. वॉल स्ट्रीटवरचा बाजार कोसळून तेव्हा महिनाही उलटला नव्हता. ब्रॉन्क्समधील ईस्ट ट्रेमाँट अव्हेन्यूवरच्या चाळवजा इमारतीत राहणारे जेक आणि मॉली, त्यांची मुले सॅमी आणि रोझली, आणि सोबत डेव्हिडमामा, एवढाच तो संसार. जेक शिवणकामाच्या धंद्यात जम बसवू पाहणारा, मुले इथेच वाढलेली आणि आईबापांचे इंग्रजी दुरुस्त करणारी, तर मॉली घरातले आणि शेजारचे प्रत्येक कोडे आपल्या पद्धतीने सोडवणारी. कामधंदा बुडालेल्या माणसांना त्या काळात घरभाड्याची आणि मुलांच्या शिक्षणाची चिंता ऐकायला मिळाली, आणि ती चिंता त्यांच्याच घरातली होती. १९३१ साली पेप्सोडेंट या दंतमंजनाच्या कंपनीने प्रायोजकत्व घेतले आणि मालिका आठवड्यातून अनेक दिवस, पंधरा-पंधरा मिनिटांची होऊ लागली. काही खंड सोडले तर ती १९४६ पर्यंत नभोवाणीवर चालली.

एका भागाविषयी मला सविस्तर सांगायचे आहे. जर्मनीत नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या. त्यानंतर पाचच महिन्यांनी, एप्रिल १९३९ मध्ये, बर्गबाईंनी वल्हांडण (पासओव्हर) या ज्यूंच्या सणाचा भाग लिहिला. कुटुंब सेडरच्या, म्हणजे सणाच्या विधिपूर्वक भोजनाला बसले आहे, विधीतील पाठ चालू आहे आणि अचानक खिडकीतून दगड आत येतो. काच फुटल्याचा आवाज होतो, मुले घाबरतात. मॉली त्यांना शांत करते आणि पाठ पुढे चालू ठेवायला सांगते. जर्मनीचे नावही न घेता त्यांनी ती काच ब्रॉन्क्समधल्या स्वयंपाकघरात फोडली. देशभरातल्या श्रोत्यांमध्ये ज्यू अगदी थोडे होते, साबण आणि दंतमंजन विकणाऱ्या कंपन्यांना वादाचे वारेही नको असे, आणि अमेरिकेत ज्यूद्वेष उघडपणे बोलला जात होता. हे सारे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दगडासाठी किती धैर्य लागले असेल, याची कल्पना येते.

दूरचित्रवाणीविषयी आणि तिथे जेकची भूमिका करणाऱ्या फिलिप लोब यांच्या प्रकरणाविषयी प्रतिसादांत लिहीनच. ज्यांनी हे भाग पाहिले आहेत त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

---

नभोवेडा

धागा अतिशय आवडला. मी उमेदीच्या काळात आकाशवाणीच्या नभोनाट्यांत हंगामी कलाकार म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. आमच्याकडे सुपात तांदूळ घोळवून पावसाचा आवाज काढला जाई, आणि संहितेच्या पानांची सळसळ माइकवर जाऊ नये म्हणून टाचण्या काढून पाने सुटी धरावी लागत. बर्गबाईंची पद्धत याच्या उलट होती, असे मी वाचले आहे. प्रसंगात मॉली अंडी फोडत असेल तर स्टुडिओत खरोखरीची अंडी फोडली जात, आणि ती रोझलीचे केस धूत असेल तर माइकसमोर पाणी घेऊन केस खरोखरच धुतले जात. त्याचा लाभ केवळ आवाजापुरता नसतो. हात कामात गुंतले की नटाचे बोलणे आपोआप बदलते, वाक्य मध्येच तुटते, श्वास वेगळ्या ठिकाणी घेतला जातो. ओट्याशी उभी असलेली बाई मुलाला ज्या सुरात रागावते तो सूर नुसत्या वाचनातून येत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

माझी शंका अशी की पंधरा मिनिटांचा का होईना, पण जवळजवळ रोजचा भाग एकटीने लिहायचा आणि त्यात मुख्य भूमिकाही करायची, हे वर्षानुवर्षे जमले कसे?

---

शब्दसखी

नभोवेडा, आपण सांगितलेला हातांचा आणि श्वासाचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता, मनापासून आभार.

बर्गबाई रोज पहाटे उठून, घर जागे होण्याआधी, पेन्सिलीने लिहीत असत. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. यश मिळून पार्क अव्हेन्यूसारख्या उच्चभ्रू रस्त्यावर घर झाल्यावरही त्या लोअर ईस्ट साइड या न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांच्या वस्तीतल्या बाजारात नियमित जात. मॉली गोल्डबर्ग म्हणून मिरवायला नव्हे, तर साधी गिऱ्हाईक म्हणून. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बायकांची वाक्ये, त्यांची तक्रार करण्याची आणि कौतुक करण्याची रीत त्या कानांत साठवून आणत. हजारो भाग लिहूनही मॉलीची भाषा शिळी झाली नाही, याचे कारण ती रोजच्या बाजारातून ताजी आणलेली होती.

त्या आजारी पडून प्रसारण थांबले तेव्हा एनबीसीकडे श्रोत्यांच्या हजारो पत्रांचा ढीग पडला. मालिकेची खरी ताकद प्रायोजकांना आणि वाहिनीलाही त्या वेळी उमगली.

---

कोथरूडकर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एक प्रामाणिक प्रश्न आहे. मॉली मोडके इंग्रजी बोलते, शब्दांची उलटापालट करते. स्थलांतरितांच्या बोलीला हसण्याची त्या काळी रंगभूमीवर रीतच होती. मग ही मालिका आपल्याच समाजाची थट्टा करत नव्हती का? त्यातून बर्गबाई स्वतः तर अमेरिकेत जन्मलेल्या होत्या.

---

शब्दसखी

प्रश्न रास्त आहे, आणि तो त्या काळीही विचारला गेला होता. बर्गबाईंचे स्वतःचे बोलणे सुशिक्षित न्यूयॉर्करचे होते, यिडिशची, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीची, झाक त्यांनी मॉलीसाठी घेतली होती. तरीही मला फरक दिसतो. त्याच काळी, त्याच एनबीसीवर आणि त्याच पेप्सोडेंटच्या आश्रयाने ‘एमॉस अँड अँडी’ ही मालिका सुरू होती. तीत दोन गोरे नट कृष्णवर्णीयांचे आवाज काढत, आणि पात्रांचे अज्ञान हाच विनोदाचा आधार असे. मॉलीच्या बाबतीत शब्द चुकतो, पण विचार चुकत नाही. ती वाक्याची रचना यिडिश वळणाने करते, क्रियापद भलत्याच जागी नेऊन ठेवते, आणि तरीही त्या खोलीत सर्वांत शहाणे तीच बोललेली असते. श्रोता हसतो आणि पुढच्याच क्षणी तिच्या बाजूने होतो. सणांच्या दिवसांत तर विनोद बाजूला ठेवून यान पियर्स या ऑपेरागायकाकडून बर्गबाई मालिकेत प्रार्थना गाऊन घेत. थट्टा करणाऱ्या कार्यक्रमात अशी जागा राखलेली नसते.

मात्र एक मान्य करते. ही भूमिका त्यांना इतकी चिकटली की बर्ग आणि मॉली यांत लोक फरकच करेनासे झाले. पुढच्या काळात त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. काही वर्षांपूर्वी या मालिकेचे शिल्लक राहिलेले भाग डीव्हीडीवर आले तेव्हा ते सगळे पाहिले. दूरचित्रवाणीवरचा आरंभ मला विलक्षण वाटला. खिडकी उघडते, मॉली बाहेर झुकते आणि थेट आपल्याशी, म्हणजे प्रेक्षकाशी, बोलू लागते. घरची एखादी गोष्ट सांगता सांगता ती सँका कॉफीवर कधी आली ते कळत नाही. कॉफीचा डबा खिडकीच्या कठड्यावरच असतो. मग ती आत वळते आणि कॅमेरा तिच्या पाठोपाठ घरात शिरतो. जाहिरात संपून नाटक कुठे सुरू झाले, याची शिवण दिसत नाही. हवा-उजेडाच्या बोळाकडे तोंड करून ‘यू-हू, मिसेस ब्लूम!’ अशी हाक ती घालते तेव्हा मला लहानपणच्या गिरगावातल्या चाळीतल्या हाका आठवल्या, कारण आमच्याकडेही निम्मे निरोप असेच पोचत असत.

तरीही बर्गबाईंविषयी माझ्या मनात एक अढी आहे. जेकची भूमिका करणाऱ्या फिलिप लोबला त्यांनी अखेरीस वाऱ्यावर सोडले, असे माझे मत आहे. मालिका त्यांच्या मालकीची होती. त्यांनी ठाम नकार दिला असता तर काय बिघडले असते?

---

शब्दसखी

हडसनकाठ, या प्रश्नाची मी वाटच पाहत होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मालिका दूरचित्रवाणीवर आली तेव्हा मॉलीच्या पतीची भूमिका लोब करू लागले. त्यापूर्वी, १९४८ साली, ब्रॉडवेवर ‘मी अँड मॉली’ या बर्गबाईंच्याच नाटकातही त्यांनी हीच भूमिका केली होती. नटांच्या संघटनेत ते आघाडीवर असत आणि तालमींच्या दिवसांचे वेतन मिळावे यासाठी झगडत. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका निघाली. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीतील १५१ जणांची नावे तीत कम्युनिस्टांचे हस्तक किंवा सहानुभूतिदार म्हणून छापली होती, आणि त्यांत लोब होते. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण ही पुस्तिका न्यायालयात टिकण्यासाठी काढलेली नव्हती. प्रायोजकाने घाबरावे, एवढेच तिचे काम होते आणि ते तिने चोख केले. सँका कॉफी बनवणाऱ्या जनरल फूड्सने लोबना काढण्याची मागणी केली.

बर्गबाईंनी नकार दिला, हे कृपया लक्षात घ्या. त्यांच्या नकारापुढे मागणी काही काळ मागे पडली आणि लोब काम करत राहिले. जानेवारी १९५१ मध्ये बर्गबाईंना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी पुरस्कार मिळाला. अभिनेत्रीला दिलेला तो पहिलाच एमी, आणि स्पर्धेत हेलन हेज, ज्युडिथ अँडरसन, इमोजीन कोका आणि बेटी व्हाइट होत्या. म्हणजे त्या वेळी त्यांच्याइतके वजन असलेली दुसरी अभिनेत्री दूरचित्रवाणीवर शोधून सापडली नसती. तरीही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात प्रायोजकाने अंग काढून घेतले आणि सीबीएसने मालिका बंद केली. एनबीसीने ती घेण्याची तयारी दाखवली, पण लोब असेपर्यंत एकही प्रायोजक पुढे येईना. मालिकेची मालकी बाईंकडे होती हे खरे, पण प्रसारणाची वेळ विकत घेणारा पैसा प्रायोजकाचा होता. लेखणी पुरी पडली नाही असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

महिने लोटले, बाकीचे कलाकार आणि तंत्रज्ञ बेकार बसले. शेवटी लोब तडजोडीची रक्कम घेऊन बाजूला झाले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मालिका एनबीसीवर परत आली. जेक तोच होता, चेहरा हॅरल्ड स्टोन यांचा होता.

लोबना नंतर फारसे काम मिळाले नाही. मुलगा मानसिक आजाराने संस्थेत होता आणि त्याचा खर्च त्यांच्यावर होता. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या टाफ्ट हॉटेलात झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी आयुष्य संपवले. त्यांचे जिवलग मित्र, नट झीरो मॉस्टेल, स्वतः काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारल्या जाणाऱ्यांत, होते. पुढे १९७६ साली ‘द फ्रंट’ या चित्रपटात त्यांनी अशाच एका नटाची भूमिका केली. ती बरीचशी लोबवरून घडवलेली होती.

बर्गबाईंनी लोबना सोडले की नाही, याचे माझे उत्तर असे आहे: सोडले, पण सर्वांच्या शेवटी. अन्य निर्माते एका फोनवर नटाला काढून मोकळे होत होते, आणि त्या सुमारे दीड वर्ष झुंजल्या. त्याहून अधिक झुंजायला हवे होते असे आपण म्हणू शकतो, आणि आपल्या त्या म्हणण्याला मी चूक ठरवणार नाही. मात्र वाहिनी, प्रायोजक आणि पुस्तिका छापणारे यांच्याआधी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला न्याय्य वाटत नाही.

---

हडसनकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभार. दीड वर्षाचा हा क्रम मला माहीत नव्हता. अढी पूर्ण गेली असे म्हणत नाही, पण ‘वाऱ्यावर सोडले’ हा माझा शब्दप्रयोग मी मागे घेतो.

---

जुनी_तबकडी

बर्गबाई विस्मरणात का गेल्या आणि ल्युसिल बॉल का टिकल्या, यामागचे एक तांत्रिक कारण मांडतो. ‘द गोल्डबर्ग्ज’ न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून थेट प्रसारित होत असे. अटलांटिक किनारा ते प्रशांत किनारा अशी दूरचित्रवाणीची जोडणी सप्टेंबर १९५१ पर्यंत झालेलीच नव्हती, म्हणून दूरच्या केंद्रांसाठी पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाचेच चित्रण केले जाई. त्याला किनेस्कोप म्हणत. चित्र धूसर, कडा वाकलेल्या, आवाज दबलेला. ती रिळे एकदा दाखवली की काम संपले, अशीच समजूत असल्यामुळे कितीतरी फेकली गेली. ल्युसिल बॉल आणि त्यांचे पती देसी अर्नाझ यांनी हॉलिवूडमध्ये प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रण करण्याचा आग्रह धरला. त्यामुळे त्यांचे भाग लखलखीत राहिले आणि पुढच्या पिढ्यांना पुनःपुन्हा दाखवता आले. स्मृती टिकवण्याचे काम पुष्कळदा फिल्मच्या जातीने केलेले असते. नभोवाणीच्या भागांचे तर त्याहून वाईट झाले, कारण हजारोंपैकी फारच थोड्यांची ध्वनिमुद्रणे उरली आहेत.

---

मेधा_ठाणे

सारे प्रतिसाद एका बैठकीत वाचले. मालिका संपल्यावर त्यांचे पुढे काय झाले, तेही कृपया लिहावे.

---

शब्दसखी

जुनी_तबकडी, आपला मुद्दा पूर्ण पटतो. त्याला एक जोड देते. १९५४ साली मालिका ड्यूमाँट वाहिनीवर गेली आणि अखेरच्या पर्वात, १९५५-५६ मध्ये, गोल्डबर्ग कुटुंब ब्रॉन्क्स सोडून हॅव्हरव्हिल नावाच्या काल्पनिक उपनगरात राहायला गेले. युद्धानंतर शहरातली कुटुंबे खरोखरच उपनगरांकडे निघाली होती, म्हणून कथेच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. पण उपनगरात हाक मारायला समोर खिडकी नसते. ते भाग मी पाहिले आहेत. मॉली तीच आहे, पण तिच्याभोवतीचे मोहल्ल्याचे बोलणे निघून गेले आहे.

मेधा, मालिका संपल्यावर लोक बर्गबाईंना मॉलीखेरीज दुसऱ्या रूपात पाहायला तयार नव्हते, तरीही रंगभूमीने त्यांना मोठा मान दिला. १९५९ साली ब्रॉडवेवर ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’ हे नाटक आले. युद्धात जपान्यांकडून मुलगा मारला गेलेली ब्रुकलिनची एक ज्यू विधवा आणि एक जपानी विधुर यांच्या भेटीची ती कथा. समोर सेड्रिक हार्डविक होते. त्या भूमिकेसाठी बर्गबाईंना टोनी पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी त्याचा चित्रपट निघाला तेव्हा भूमिका रोझलिंड रसेल यांना दिली गेली, कारण पडद्यावर तारांकित नाव हवे होते. ज्या बाईने वीस वर्षे ही भाषा बाजारातून वेचून आणली, तिच्या जागी ती भाषा तालमीत शिकलेली अभिनेत्री उभी राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

१९६१-६२ मध्ये सीबीएसवर त्यांची आणखी एक मालिका आली. तीत उतारवयात महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विधवेची भूमिका त्यांनी केली आणि प्राध्यापकाच्या भूमिकेत पुन्हा हार्डविक होते. ती एकच पर्व चालली. त्याच सुमारास त्यांनी मुलाच्या साहाय्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. पावसाळी दिवसांत पाहुण्यांच्या मुलांना रमवण्यासाठी रचलेल्या नाटुकल्यांच्या हकिकती त्यातच आहेत.

१४ सप्टेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. दफनासाठी त्यांना कॅट्स्किल डोंगरात, वडिलांचे ते निवासगृह जिथे होते त्या फ्लाइशमन्सला नेण्यात आले.